कवळीचं बिल आणि जामिनाची सही

तीर्थस्वरूप भाऊजींना,

परदेशी पडलेल्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (पत्रातला साष्टांग घालायला सोपा जातो. प्रत्यक्षात डाव्या गुडघ्यामुळे गेली तीन वर्षं मी नुसता वाकून भागवतो, पण भावना तीच.)

तुमचं पित्त कसं आहे? मागच्या फोनवर ताई म्हणाली, तुम्ही सकाळचा चहा सोडलात. ऐकून तुमच्याबद्दल आदर वाटला, आणि ताई सांगते त्यातलं निम्मं खरं धरावं हा जुना अनुभव असल्यामुळे थोडा दिलासाही वाटला. दुकानातलं झेरॉक्सचं मशीन अजून कागद खातं का? ताईचा खांदा, भाचीची परीक्षा, वरच्या मजल्याची गळती, सगळं मार्गाला लागलं असेल अशी आशा करतो. आम्ही इकडे मजेत आहोत. म्हणजे पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

चौदा वर्षांत मी तुम्हाला एकही पत्र धाडलेलं नाही, त्यामुळे पाकीट पाहून तुम्ही वाईट बातमीच धरली असेल. तर आधी सांगतो, कोणी गेलेलं नाही. फोनचं असं आहे भाऊजी, की तुमच्या घरात फोन एका माणसाचा नसतो. तुम्ही 'हॅलो' म्हणता, मागून ताई 'स्पीकरवर टाका' म्हणते, आणि मग माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्यावर निकाल लागतो. काही गोष्टी दोन पुरुषांतच असलेल्या बऱ्या. म्हणून पत्र घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. वाचून झालं की गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवा. (प्रत काढू नका. मला तुमची सवय माहीत आहे.)

विषय असा. मी ज्या कार्यशाळेत लोकांच्या कवळ्या बनवतो, ती आमचे मालक बंद करताहेत. वय एकोणऐंशी, हात थरथरतो, आणि परवा त्यांनी एका बाईच्या वरच्या जबड्यात दुसऱ्याच गृहस्थाचे दात बसवायला घेतले तेव्हा त्यांनीच हात टेकले. जागा तशी एवढीशी: दोन टेबलं, घासायचं चाक, मेण वितळवायचा दिवा आणि भिंतभर फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, नावांच्या चिठ्ठ्यांसकट. नवखा माणूस आत आला की दचकतो. मला तिथं घरच्यासारखं वाटतं, कारण निम्म्या गावाला मी आतून ओळखतो. मालकांनी पहिला हक्क मला दिलाय आणि किंमतही माणुसकीची सांगितलीय, पण थांबणार तीनच महिने. त्यानंतर जागा शेजारच्या नखं रंगवणाऱ्या बाई घेणार; त्या आत्ताच येऊन भिंतीची मापं घेऊन गेल्यात. मी सत्तेचाळीसचा. दात आता सगळीकडे यंत्रातून छापून निघतात, हातानं एकेक दात लावत बसणाऱ्याला या वयात नोकरी कोण देणार? जागा हातची गेली तर मी घरी बसलो म्हणून समजा.

बँकेतल्या बाईंनी कागद पाहिले, गोड हसल्या आणि म्हणाल्या, कर्ज मिळेल, फक्त इथला, स्वतःचं घर असलेला एक जामीनदार आणा. या मुलुखात स्वतःचं घर असलेला माझ्या ओळखीचा माणूस एकच, तो म्हणजे माझे सासरे. तो जामिनाचा कागद मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि योग्य वेळेची वाट पाहू लागलो.

सासरेबुवांना तुम्ही फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलंय. उजवीकडून दुसरे, हसत नाहीत ते. ते अडतीस वर्षं सरकारच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सकाळी पितळी वजनांची पेटी घेऊन बाजारात जायचं, दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि ज्याचा काटा खोटा निघेल त्याचा तराजू जप्त करायचा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण पेटी घरी आली ती आलीच. पाव आणला की आधी तोलतात, मग खातात. माणूस अत्यंत सरळ आहे. पण सरळ माणसाबरोबर जेवायला बसणं किती अवघड असतं, हे तुम्हाला नाही कळायचं, कारण तुमचं सासर म्हणजे आम्ही.

आता माझी बाजू. आपल्या घरी आईनं आम्हा भावंडांना काय शिकवलं? कुणी काही देऊ केलं की तीनदा 'नको' म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं. कुणी पैसे काढले की आपण त्याच्याआधी काढायचे, निदान काढल्यासारखं करायचं. हे माझ्या हाडीमाशी खिळलंय. लग्नानंतर पहिल्यांदा सगळे बाहेर जेवायला गेलो. बिल आलं. सासरेबुवांनी विचारलं, निम्मे मी देऊ का? मी म्हटलं, छे छे, काय हे, राहू द्या. त्यांनी आभार मानले आणि पाकीट खिशात घातलं. मी दुसऱ्या फेरीची वाट पाहत बसलो. भाऊजी, दुसरी फेरी आलीच नाही! महिन्यातून एकदा, आठ वर्षं, ते तोच प्रश्न विचारतात, मी तेच उत्तर देतो आणि ते पाकीट ठेवून देतात. उलट एकदा त्यांच्या गाडीतून लांब गेलो, पेट्रोलचे पैसे ते देत होते, मी आपलं रीतीप्रमाणे पाकीट अर्धं बाहेर काढलं (तुम्हीही अर्धंच काढता, मी पाहिलंय), तर त्यांनी पैसे घेतले, मोजले आणि सुटे परत दिले. भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण सासरेबुवा माझ्याबद्दल मनात वेगळंच टिपण करत होते. एक दिवस त्यांनी हिला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या नवऱ्याला काही आजार आहे का? पैसे नको म्हणतो आणि नाही दिले की त्याचा चेहरा पडतो. हिनं त्यांना समजावलं की ही आमच्या घरची नम्रता आहे. त्यावर ते म्हणाले, काट्यानं एक दाखवायचं आणि पारड्यात दुसरं असायचं, याला आमच्या खात्यात वेगळा शब्द आहे. (ही मला हे मराठीतून सांगत होती. हिचं मराठी पूर्णपणे ताईकडून फोनवर शिकलेलं, त्यामुळे तिला रागावण्याचे शब्द आधी आले आणि बाकीचे मागाहून. घरात मला परकी भाषा फार सोसावी लागत नाही, पण ताई मात्र रोज सोसावी लागते.)

तर अशा पार्श्वभूमीवर सासरेबुवांचे दात गेले. एकदम नाही, पण शेवटचे चार एका हिवाळ्यात गेले. मी म्हटलं, देवानं संधी दिली. दोन आठवडे खपून मी त्यांची अशी कवळी केली की मालकांनी ती उजेडात धरून दोनदा फिरवून पाहिली आणि काही बोलले नाहीत. आमच्या मालकांचं न बोलणं म्हणजे पदक. सासरेबुवांनी कवळी बसवली, आरशात पाहिलं, एक सफरचंद कराकरा खाल्लं आणि पाकीट काढून विचारलं, किती झाले? आता तुम्हीच सांगा, सासऱ्याच्या दातांचे पैसे घेईल तो जावई कसला! मी म्हटलं, अहो घरातलं काम, पैसे कसले. ते उभेच. मी पुन्हा नको म्हटलं, तरी ते उभेच. आठ वर्षांत पहिल्यांदाच दुसरी फेरी आली होती आणि मी गडबडलो. काहीतरी आकडा सांगून सुटावं म्हणून दोन कप कॉफीची किंमत सांगून मोकळा झालो. त्यांनी तेवढे मोजून दिले. मी मनात म्हटलं, चला, सगळ्यांचं समाधान झालं. येत्या रविवारी जेवण झालं की खिशातला कागद काढायचा.

शनिवारी ते कवळीची डावी बाजू थोडी घासून घ्यायला कार्यशाळेत आले. मी चाकावर होतो. ते बाकावर बसून भिंतीवरचा दरफलक वाचत होते.

त्या फलकावर संपूर्ण कवळीचा दर काय आहे ते सांगत नाही, पण तेवढ्यात तुमच्या दुकानाला नवं मशीन येईल. सासरेबुवांनी आवाज न चढवता तीन शक्यता मांडल्या. एक, कवळी हलक्या मालाची आहे. दोन, माल चांगला आहे आणि तू बाकीच्या गिऱ्हाइकांना लुबाडतोस. तीन, माल चांगला, दरही योग्य, पण तू मला आकडा खोटा सांगितलास. मी म्हटलं, तिसरी. मला वाटलं होतं तीच सगळ्यांत निरुपद्रवी आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी तिथल्या तिथे कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्याच टेबलावरची चिठ्ठी घेऊन तिच्यावर लिहिलं, 'पडताळणी होईपर्यंत वापर बंद.' खाली तारीख आणि सही. एक प्रत मला दिली. अडतीस वर्षांची सवय, दुसरं काय!

पुढचे बावीस दिवस तो माणूस कवळीशिवाय राहिला. खरं बिल हातात येईपर्यंत दात लावणार नाही म्हणाला. मी रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जायचो, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो आणि समोर ते पातळ सूप चमच्यानं ओढत बसायचे. कवळी फडताळावर पितळी वजनांच्या पेटीशेजारी ठेवलेली. सासूबाई स्वभावानं मऊ, पण बटाटे कुस्करून कुस्करून त्यांचं मनगट दुखायला लागलं, आणि राग निघाला माझ्यावर. म्हणाल्या, तुम्ही दोघं सज्जन आहात हे मला मान्य आहे, पण तुमच्या सज्जनपणापायी मी चावण्याजोगं काही शिजवू शकत नाही. मी दुसऱ्या आठवड्यात एक बिल करून नेलं. त्यात पूर्ण दर लिहून खाली 'घरच्यांसाठी सवलत' अशी ओळ टाकून शेवटी पुन्हा दोन कॉफीच आणल्या होत्या. त्यांनी ते भिंग लावून वाचलं आणि बशीखाली सरकवलं. या सगळ्या काळात जामिनाचा कागद माझ्या खिशात होता. ज्याला दोन कॉफीचा आकडा सांगताना मी खोटा ठरलो, त्याच्यापुढे कर्जाचा आकडा कुठल्या तोंडानं ठेवणार?

शेवटी बाविसाव्या दिवशी मी पूर्ण दराचं बिल केलं. सवलत नाही, नम्रता नाही. आईची आठवण येत होती. सासरेबुवांनी ते वाचलं, आत गेले, पैसे आणून टेबलावर ठेवले आणि कवळी धुऊन बसवली. मग, तुमच्यापासून काय लपवू, बावीस दिवसांनी ते हसले. दात खरंच सुरेख दिसत होते. सासूबाईंनी लगेच काहीतरी कडक भाजायला टाकलं. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही, आणि मी खिशातला कागद काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

त्यांनी तो कागद पाऊण तास वाचला. मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली. सही केली नाही, नकारही दिला नाही. म्हणाले, अडतीस वर्षांत मी कुठल्या दुकानदाराला त्याच्याच तराजूबद्दल विचारलं नाही, त्याच्या मित्रांनाही विचारलं नाही. ज्यानं त्याच्याकडून माल नेला त्याला विचारायचो. तू कधी कुणाकडून पैसे उसने घेतले असशील तर त्या माणसाचं पत्र आण. मित्राचं नको, आईचं तर नकोच. ज्याचे पैसे तुझ्या हातात होते, त्याचं. ते वाचून मी ठरवीन.

असं सगळं चाललंय. मालकांनी दिलेल्या तीन महिन्यांतले सात आठवडे उरलेत. बाकी हवा बरी आहे. ताईला नमस्कार सांगू नका, कारण पत्र आल्याचंच सांगायचं नाहीये. भाचीला अनेक आशीर्वाद, तुमच्या पित्ताला शांती लाभो.

तुमचा,
दातवाला मेहुणा

ता. क. मुद्दा राहिलाच. (ताई म्हणते, ताकाला जाऊन भांडं लपवायची मला जन्माची खोड आहे.) मी आयुष्यात ज्याच्याकडून पैसे घेतले असा माणूस एकच, तुम्ही. चौदा वर्षांपूर्वी निघायच्या आदल्या दिवशी दुकानात बोलावून तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं हातात ठेवलंत. तिकीट आणि पहिल्या तीन महिन्यांचं भाडं त्यातून निघालं. 'ताईला कळू देऊ नकोस' म्हणालात, मी कळू दिलं नाही. परत मात्र केले नाहीत. पहिली दोन वर्षं जमत नव्हतं, पुढची दोन लाज वाटत होती, त्यानंतर सवय झाली. तुम्हीही कधी विचारलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा. तर दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळी हव्यात, की 'यांनी पैसे घेतले, ठरल्या वेळी परत केले, व्यवहाराला चोख आहेत.' खाली गोल शिक्का मारा, सासरेबुवांचा शिक्क्यांवर फार विश्वास. तुम्हाला त्रास नको म्हणून मजकूर टाईप करून सोबत जोडलाय. पैसे कर्ज मंजूर होताच पाठवतो.

ता. क. २. चार दिवस गेले, पत्र इथेच आहे. पोस्टाचं तिकीट लावायला म्हणून मी ते हिच्याकडे दिलं आणि पाकीट बंद करायला विसरलो. हिनं ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचून काढलं आणि अगदी ताईच्या आवाजात म्हणाली, 'लाज नाही वाटत तुला?' मला वाटलं, खोट्या दाखल्याबद्दल बोलतेय. त्याबद्दल होतंच, पण मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, ते पैसे भाऊजींचे नव्हतेच.

भाऊजी, तुम्हाला हे सांगायची गरज नाही, तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. ताईच्या शिवणवर्गातली ती कापडाच्या कडा शिवायची नवीकोरी ओव्हरलॉक मशीन, जी 'बिघडली म्हणून भंगारात दिली' असं मला सांगण्यात आलं, ती बिघडलेली नव्हती. मी परदेशी जाऊ नये म्हणून ताई भांडली होती, महिनाभर आमचं बोलणं बंद होतं, आणि 'उपाशी मरेन पण तुझ्या पैशाला हात लावणार नाही' असं मी दारात उभा राहून म्हटलं होतं. (शेजाऱ्यांनी ऐकलं होतं.) म्हणून तिनं मशीन विकली आणि पुडकं तुमच्या हातून पाठवलं. चौदा वर्षं माझे आभार तुम्ही बिनतक्रार घेतलेत, दर वर्षी पाठवलेला शर्टही घातलात!

आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, मराठी शिकवता शिकवता ताईनं हे हिला सांगितलं. तेव्हा दोघी एकमेकींना प्रत्यक्ष भेटल्याही नव्हत्या. वर बजावलं, त्याला सांगू नकोस, त्याचा ताठा तेवढाच आहे. आणि हिनं सहा वर्षं सांगितलं नाही. मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, एका पैशाचाही आधार नसताना मी इथं कसा आलो ती गोष्ट रंगवून सांगायचो आणि ही शेजारी बसून त्यांना कॉफी ओतायची.

खरं सांगू? पैसे तुमचे होते तोवर मला छान झोप लागत होती. ताईचे आहेत हे कळल्यापासून लागत नाही.

ता. क. ३. काल सासरेबुवांना सगळं सांगितलं. दाखल्याचा टाईप केलेला मजकूरही वाचून दाखवला. ते ऐकून घेत होते. मग मला सोडून त्यांनी मुलीला विचारलं, तुला सहा वर्षं माहीत होतं? ही म्हणाली, हो. नवऱ्याला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, ताईंनी सांगू नको म्हटलं होतं. मग सासरेबुवा मला म्हणाले, आता तुझ्या भाऊजींचं पत्र नको. त्या बाईंचं आण. माझ्या मुलीला कधी पाहिलेलंही नसताना ज्यांनी तिच्यावर एवढं सोपवलं, त्या तुझ्याबद्दल जे लिहितील ते मी मानीन. आणि मजकूर तू द्यायचा नाहीस.

पैसे आज सकाळी ताईच्या खात्यावर पाठवले, मशीनच्या आजच्या किमतीनं. कार्यशाळेसाठी साठवलेल्यातले गेले, त्यामुळे कर्ज वाढणार आणि सासरेबुवांचा जामीनही. तरी त्यांनी पाठवल्याची पावती पाहून मान हलवली. ताईला सांगा, पहिल्याच खेपेला ठेवून घे, मला आता दुसऱ्या फेरीची भीती वाटते. तो टाईप केलेला कागद मी फाडून टाकला. आणि पत्र दुकानात ठेवू नका, घरी न्या, तिच्या हातात द्या.

ताई, तुला हवं ते लिही. मी हट्टी आहे, आढ्यतेखोर आहे, चौदा वर्षं तुझे पैसे दाबून बसलो, सगळं लिही. भाषांतर हीच करणार आहे आणि तुझीच शिष्या असल्यामुळे ती एक अक्षर सोडायची नाही. फक्त शेवटी, जमलं तर, 'कसाही असला तरी माझा भाऊ आहे' एवढं घाल. सासरेबुवांना त्याचा जामिनासाठी काही उपयोग नाही. ते मला वाचायचं आहे.